ऐकणाऱ्याची साक्ष

१९४२ सालच्या ऑगस्ट महिन्याचा पहिला आठवडा होता. पोलंडची राजधानी वॉर्सा. नाझी सत्तेने शहराचा एक भाग उंच भिंत घालून तोडला होता आणि त्या भिंतीआड लाखो यहुदी माणसे कोंडली होती. २२ जुलैपासून रोज हजारो लोकांना मालगाड्यांत भरून त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेले जात होते. त्या दिवसांत नोव्होलिप्की रस्त्यावरील एका शाळेच्या तळघरात एक शिक्षक आणि त्याचे दोन जुने विद्यार्थी जमीन खणीत होते. विद्यार्थ्यांपैकी दावीद ग्राबर १९ वर्षांचा होता आणि नाहूम ग्झिवाच १८ वर्षांचा. कागदांनी भरलेल्या दहा पत्र्याच्या पेट्या ते पुरत होते.

इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने नोव्हेंबर १९४० पासून काही सहकाऱ्यांसह गुप्तपणे हे कागद जमविले होते. रोजनिश्या, पत्रे, शाळकरी मुलांचे निबंध, भिंतीवरचे सरकारी हुकूम, शिधापत्रिका, गोळ्यांचे रंगीत वेष्टनकागद, असे सारे काही त्यांत होते. मारेकऱ्यांनी लिहिलेला इतिहास हाच एकमेव इतिहास म्हणून उरू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पेट्या बंद करण्यापूर्वी त्या तिघांनी आपापले मृत्युपत्र लिहून आत ठेवले. जे जगाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही मातीत पुरीत आहोत, अशा आशयाचे ग्राबरने लिहिले. ग्झिवाच लिहीत असतानाच शेजारचा रस्ता सैनिकांनी अडविल्याची बातमी आली. आईवडील सुखरूप आहेत का, हे पाहायला तो धावणार होता. पुढे काय होईल हे त्याला ठाऊक नव्हते. जाता जाता त्याने आपले नाव लिहिले आणि ते लक्षात ठेवा, अशी विनंती केली. शिक्षक इझ्राएल लिश्तेनश्टाइन यांनी आपल्या २० महिन्यांच्या मुलीची आठवण ठेवावी, असे लिहून ठेवले.

तिघांपैकी कोणीही वाचले नाही. रिंगेलब्लूम यांचीही १९४४ साली पत्नी आणि मुलासह हत्या झाली. या गुप्त कामात गुंतलेल्या सुमारे ६० जणांपैकी युद्ध संपल्यावर केवळ तिघे जिवंत होते. त्यांच्या सांगण्यावरून सप्टेंबर १९४६ मध्ये त्या पेट्या ढिगाऱ्याखालून बाहेर काढण्यात आल्या. दुधाच्या दोन बरण्यांत पुरलेला दुसरा ठेवा डिसेंबर १९५० मध्ये सापडला. तिसरा ठेवा आजतागायत सापडलेला नाही.

या दोन तरुणांनी हे सारे कोणासाठी लिहिले? त्यांच्या ओळखीचे तर सारेच मरणाच्या दारात होते. जो अद्याप जन्मला नव्हता, ज्याचा देश, धर्म आणि भाषा त्यांना ठाऊक नव्हती, अशा एखाद्या ऐकणाऱ्यासाठी त्यांनी ते लिहिले. आपण ज्याला होलोकॉस्ट म्हणतो आणि यहुदी लोक हिब्रू भाषेत ज्याला शोआ, म्हणजे महाविनाश, म्हणतात त्या घटनेचा विचार करताना मला या न जन्मलेल्या ऐकणाऱ्याचा प्रश्न सर्वांत कठीण वाटतो. ज्याने काहीच पाहिले नाही तो साक्षीदार होऊ शकतो काय?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. सोव्हिएत सैन्याने ऑशविट्झ छावणीची दारे उघडली ती २७ जानेवारी १९४५ रोजी. त्या घटनेला ८० वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या एकाच छावणीत सुमारे ११ लाख माणसांचा बळी गेला. त्यांत जवळजवळ १० लाख यहुदी होते. साऱ्या युरोपात मिळून ६० लाख यहुदी मारले गेले. त्या संहारातून वाचलेले सुमारे दोन लाख लोक २०२५ साली जगभरात हयात असल्याची नोंद आहे आणि त्यांतील बहुतेकांनी वयाची ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. त्यांतले पुष्कळजण त्या काळी तान्ही बाळे होती. छावणीतील हजेरी, तो धूर, आईपासून हात सुटल्याचा तो क्षण, हे सारे 'मी पाहिले' असे सांगणारा शेवटचा माणूस लवकरच आपल्यातून जाईल. त्यानंतर बोलायचे कोणी?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वाजवी आहे. न्यायालयात ऐकीव गोष्टीला पुराव्याची किंमत नसते. 'मी पाहिले' म्हणणाऱ्याची उलटतपासणी घेता येते. 'मी ऐकले' म्हणणाऱ्याला काय विचारणार? शिवाय दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार मला दिला कोणी? ऑशविट्झमधून जिवंत परतलेले इटालियन लेखक प्रिमो लेवी तर याहून पुढे गेले. आम्ही जे वाचलो ते खरे साक्षीदारच नव्हेत, असे त्यांनी १९८६ सालच्या आपल्या पुस्तकात प्रतिपादन केले. ज्यांनी तळ गाठला ते बोलायला परत आलेच नाहीत. आम्ही केवळ त्यांच्या वतीने बोलतो, हा त्यांचा विचार होता. ज्याने छावणी भोगली त्यालाच आपल्या साक्षीविषयी एवढा संकोच वाटत असेल, तर वीस वर्षांच्या मुलामुलींनी काय म्हणावे?

आपण श्रद्धावंतांनी मात्र या आक्षेपापुढे थोडे थांबून विचार करायला हवा. कारण आपली श्रद्धाच मुळी ऐकणाऱ्यांच्या साक्षीवर उभी आहे. रिकामी कबर ज्यांनी पाहिली ते सारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातच जग सोडून गेले. संत पॉलिकार्प यांनी प्रेषित योहानाला पाहिले होते, त्याच्याकडून ऐकले होते. वृद्ध पॉलिकार्प यांच्यासमोर बसून एक मुलगा ते ऐकत असे. तोच पुढे लिओन्सचा बिशप झालेला संत इरेनियस होय. इरेनियस यांनी उतारवयात एका जुन्या मित्राला पत्र लिहिले. अलीकडच्या गोष्टींपेक्षा ते दिवस आपल्याला अधिक स्पष्ट आठवतात, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. पॉलिकार्प कोठे बसत, कसे येत-जात, काय सांगत, हे सर्व आपण कागदावर नव्हे तर अंतःकरणात टिपून ठेवले, अशी त्यांची कबुली आहे. एका मुलाच्या ऐकण्यातून ख्रिस्तसभेची परंपरा दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत आली. ऐकणाऱ्याची साक्ष खोटी म्हणायची, तर आपल्याला आपल्या वेदीपासूनच उठावे लागेल.

ही रीत तरी आपण कोणाकडून शिकलो? यहुद्यांकडूनच. वल्हांडणाच्या रात्री त्यांच्या घरी जेवणाच्या मेजाभोवती कुटुंब जमते आणि घरातील सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्या प्रश्नाच्या उत्तरात वडीलधाऱ्यांनी मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा सांगायची असते. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे समजावे, अशी त्यांची शिकवण आहे. ज्या समाजाने स्मरण करण्याची कला जगाला दिली, त्याचेच स्मरण पुसण्याचा घाट नाझींनी घातला होता. वॉर्सातील त्या दोन मुलांनी पेट्या पुरल्या, तेव्हा ते आपल्या पूर्वजांच्याच मार्गाने चालले होते.

आज त्यांच्याच वयाची मुलेमुली हा वारसा पुढे नेत आहेत. अमेरिकेत १९७९ साली वाचलेल्यांच्या मुलाखतींचे चित्रीकरण सुरू झाले. तो संग्रह आज येल विद्यापीठात आहे. चित्रपट-दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या संस्थेने तर ५० हजारांहून अधिक मुलाखती नोंदविल्या. १९८८ पासून निरनिराळ्या देशांतील तरुण ऑशविट्झपासून बिर्केनाऊपर्यंतचे सुमारे तीन किलोमीटरचे अंतर दरवर्षी एकत्र पायी चालतात. इस्राएलमध्ये तरुणांनी आणखी एक साधी प्रथा सुरू केली आहे. स्मरणदिनी सभागृहात न जमता ते एखाद्या वृद्ध वाचलेल्या व्यक्तीला आपल्या घरच्या बैठकीच्या खोलीत बोलावतात, मित्रांना जमवितात, जमिनीवर बसून ऐकतात आणि मग आपसांत बोलतात. त्या संध्याकाळी तेथे वल्हांडणाच्या मेजाचीच पुनरावृत्ती होत असते: एक सांगतो आणि लहान पिढी प्रश्न विचारते.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण मला वाटते ते अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या युनियनटाउन नावाच्या चिमुकल्या गावाचे. १९९९ साली तेथील काही शाळकरी मुलींच्या हाती शिक्षकांनी एक जुने कात्रण दिले. इरेना सेंडलर नावाच्या पोलिश स्त्रीने वॉर्साच्या भिंतीआडून अडीच हजार मुलांना वाचविले, असे त्यात म्हटले होते. नाव कधी न ऐकलेले. तेव्हा हा आकडा छपाईची चूक असावी, असे शिक्षकांनाच वाटले. मुलींनी शोध घेतला. या स्त्रीची कबर कोठे आहे, हे शोधता शोधता त्यांना कळले की ती अजून जिवंत आहे! त्यांनी तिच्या जीवनावर एक छोटे नाटक लिहून बसविले आणि २००१ साली वॉर्साला जाऊन तिची भेट घेतली. पोलंडमध्येही विस्मृतीत गेलेले तिचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचण्यात त्या खेडेगावातील मुलींचा मोठा वाटा होता. २००८ साली ९८ वर्षांच्या इरेनाबाईंनी जगाचा निरोप घेतला.

इरेना सेंडलर ही कॅथलिक घरात वाढलेली समाजसेविका. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुलांना भिंतीबाहेर काढून कॅथलिक कुटुंबांत आणि धर्मभगिनींच्या मठांत ठेवले. त्यांना नवी ख्रिस्ती नावे दिली, प्रार्थना पाठ करून घेतल्या; कारण एखादी प्रार्थना चुकणे म्हणजेही मरण होते. मात्र प्रत्येक मुलाचे खरे यहुदी नाव आणि नवे नाव ती पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवी. त्या पट्ट्या काचेच्या बरणीत घालून एका सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या होत्या. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये गेस्टापोने तिला पकडले, तिचा छळ केला. पण त्या नावांचा पत्ता तिने दिला नाही. युद्ध संपल्यावर प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे नाव परत मिळावे म्हणून ही सारी धडपड होती. आपण याहून अधिक करायला हवे होते, ही टोचणी तिला अखेरपर्यंत लागून राहिली.

न पाहिलेल्याने साक्ष कशी द्यावी, याचे उत्तर मला त्या बरणीत सापडते. तिने जपलेली नावे तिची नव्हती आणि तिने ती आपली करून घेतली नाहीत. ज्याचे नाव त्याला परत देण्यासाठीच तिने ती सांभाळली. पुढच्या पिढीने वाचलेल्यांच्या कथा याच भावनेने सांभाळायला हव्यात. त्या कथेचे आपण मालक नाही, राखणदार आहोत.

राखणदाराला काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य सत्याचे. आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. ती दया उपजविण्यासाठी दिलेल्या खोट्या साक्षीलाही लागू आहे. १९९५ साली बालपणीच्या छावणीतील आठवणी म्हणून एक पुस्तक प्रसिद्ध झाले, वाखाणले गेले आणि तीन-चार वर्षांतच ते सर्वस्वी काल्पनिक असल्याचे उघड झाले. हा संहार घडलाच नाही, असे म्हणणाऱ्यांच्या हाती अशाने आयते कोलीत मिळते. वृद्धाला तारीख आठवत नसेल तर आपण ती घालू नये. त्याने जेथे मौन धरले तेथे आपण संवाद रचू नयेत. ते मौनही त्याच्या साक्षीचाच भाग आहे.

दुसरे पथ्य असे, की साठवणे आणि सांभाळणे यांत आपण गल्लत करू नये. पोलंडमध्ये जन्मलेले पिंकस गुटर यांना २०१४ साली शंभराहून अधिक कॅमेऱ्यांसमोर बसवून हजाराहून अधिक प्रश्न विचारण्यात आले. आता त्यांच्या पश्चातही कोणी प्रश्न विचारला, की त्यांची प्रतिमा त्यांच्याच आवाजात उत्तर देऊ शकेल. हे तंत्र थक्क करणारे आहे आणि उपयुक्तही. तरीपण यंत्र उत्तर देते ते विचारणाऱ्यालाच. रिंगेलब्लूमच्या पेट्या जमिनीखाली सुरक्षित होत्या; परंतु त्या उघडून वाचणारा कोणी नसता, तर ते सारे कागद मातीइतकेच मुके राहिले असते.

तिसरे पथ्य आपल्यासारख्यांना सर्वांत जड जाणारे आहे. कथा ऐकणाऱ्याने स्वतःलाही प्रश्न विचारू द्यावा. आपण कॅथलिक लोक या विषयावर बोलताना सेंडलरची कथा आवडीने सांगतो. ऑशविट्झमध्ये परक्या कैद्याऐवजी स्वतः मरण पत्करणाऱ्या संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची सांगतो. यहुदी कुळात जन्मलेल्या आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी ऑशविट्झमध्ये मारल्या गेलेल्या कार्मेलाइट भगिनी संत एडिथ स्टाइन यांची सांगतो. या कथा खऱ्या आहेत आणि सांगायलाच हव्यात. पण केवळ एवढ्याच सांगून आपण थांबलो, तर ती अर्धी साक्ष होईल. कारण मारणाऱ्यांपैकी असंख्यांचा बाप्तिस्मा झालेला होता आणि शेजारच्या घरातून माणसे नेली जात असताना खिडक्या बंद करून घेणारे पुष्कळजण रविवारी मिस्साला जात होते.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना उद्देशून येणारा अवमानकारक शब्द पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली काढून टाकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केले, की प्रभू येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. मार्च १९९८ मध्ये व्हॅटिकनने शोआच्या स्मरणार्थ एक निवेदन प्रसिद्ध केले. ख्रिस्ती मनांत रुजलेल्या यहुदीविरोधी पूर्वग्रहांमुळे नाझींचे काम सोपे झाले काय, हा प्रश्न त्यात मांडला होता. २६ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीच्या फटीत थरथरत्या हाताने क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. २९ जुलै २०१६ रोजी पोप फ्रान्सिस ऑशविट्झला गेले, तेव्हा त्यांनी भाषण केले नाही. ते एकटेच आत गेले आणि बराच वेळ मूकपणे बसून राहिले.

हे सारे दूर युरोपातले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कोकणात बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत नांदला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत, एवढाच काय तो भेद. त्याच किनाऱ्यावर गोव्यात, यहुदी वंशातून ख्रिस्ती झालेले विख्यात वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने १५६९ साली जाळले आणि १५८० साली खुद्द त्यांच्या अस्थी कबरीतून उकरून जाळल्या. आरोप एकच: गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा. नाझींचा वंशद्वेष ही निराळी आणि ख्रिस्ती श्रद्धेच्याही मुळावर उठलेली गोष्ट होती, हे खरे. तरीही माणसाला त्याच्या रक्तावरून संशयित ठरविण्याची सवय आपल्याही इतिहासात आहे, हे मान्य केल्यावाचून आपल्याला दुसऱ्याची साक्ष देता यायची नाही.

आजचे काय? हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे आपल्याकडे पदपथावरच्या पुस्तकांत सहज दिसतात. कडक शिक्षकाला मुले गमतीने 'हिटलर' म्हणतात. 'देशाला शिस्त लावायला एखादा हिटलरच हवा', असे उद्गार सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतात. हे बोलणारे दुष्ट नसतात. त्यांच्या कानांवर फक्त एकाच बाजूची कथा आलेली असते. आपल्या धर्मग्रामातील दृढीकरणाच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने अशा वेळी शांतपणे सांगावे, की वॉर्सामध्ये १८ वर्षांचा एक मुलगा होता, तो आईवडिलांना शोधायला धावत गेला आणि आपले नाव लक्षात ठेवा, असे लिहून गेला. एवढे सांगणारा त्या बैठकीतला साक्षीदार होय, मग त्याने वॉर्सा नकाशावर तरी पाहिले असो वा नसो.

दरवर्षी पवित्र शनिवारच्या रात्री आपण अंधारात मेणबत्त्या पेटवून पास्काचा जागर करतो. त्या रात्रीच्या वाचनांपैकी काही वाचने वेळेअभावी गाळण्याची मुभा आहे. पण समुद्र दुभंगून इस्राएली लोक पार झाले, हे निर्गमाचे वाचन कधीही गाळता येत नाही. बाकावर पेंगुळलेले एखादे मूल डोळे चोळीत विचारते: बाबा, ही माणसे कोण? आता ती कोठे आहेत? लाल समुद्रापाशी उत्तर थांबवून त्याला झोपी जाऊ देणे सोपे आहे. ते मूल जरा मोठे झाले, की त्याला उरलेली कथाही सांगायला हवी. त्या माणसांची लेकरे आपल्या वडिलांच्या काळापर्यंत युरोपभर राहत होती. त्यांतील ६० लाखांना मारले गेले, त्या वेळी आपल्यापैकी फार थोडे आडवे आले. आणि त्यांच्यातला नाहूम ग्झिवाच नावाचा एक मुलगा आपली वाट पाहत होता.